पत्रादेवीला कोणता कायदा मोडला?

बांदा मागे पडलं की थोड्याच वेळात पत्रादेवी येते. गोव्याला जाणाऱ्या बहुतेक मराठी माणसांना हे नाव ठाऊक असतं ते चेकनाक्यामुळे, आणि तेही जाताना नाही, परत येताना. डिकीत किती बाटल्या आहेत, परवाना कितीचा काढलाय, याची मनातल्या मनात उजळणी करायची ती जागा. तिथेच हुतात्म्यांचं स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हातात तिरंगा आणि तोंडी घोषणा एवढ्याच सामग्रीनिशी इथून तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या चालवल्या. पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडला. मध्य प्रदेशातल्या सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेतही गेल्या. त्याच दिवशी तेरेखोलच्या बाजूला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. वेगवेगळ्या सीमांवर मिळून त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं मेली.

दर वर्षी १९ डिसेंबर, गोव्याचा मुक्तिदिन, जवळ आला की या मृत्यूंचा एक ठरावीक हिशेब फोनवरून फिरू लागतो. तो असा: सत्याग्रह चालला तो इंग्रजांपुढे, कारण इंग्रज कायद्याला आणि जगाच्या लाजेला मानणारा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला लाजच नव्हती, म्हणून गोव्यात सत्याग्रहींच्या छातीत गोळ्या गेल्या आणि शेवटी १९६१ मध्ये लष्कराने जे काम छत्तीस तासांत केलं, ते आधीच्या पंधरा वर्षांच्या सत्याग्रहाला जमलं नव्हतं. हा हिशेब इतका सुबक आहे की मलाही तो बरीच वर्षं पटत होता. आता पटत नाही. गोव्यात सत्याग्रह का थिजला याचं उत्तर सालाझारच्या स्वभावात शोधणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटरला दोष देण्यासारखं आहे.

आधी त्या सभ्य इंग्रजाकडे पाहू. १९१९ चं जालियनवाला बाग सगळ्यांनाच आठवतं. पण सविनय कायदेभंगाचं ऐन वर्ष, १९३०, तेही काही कमी रक्तबंबाळ नव्हतं. २३ एप्रिलला पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र गर्दीवर गोळीबार झाला. २१ मे रोजी धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींची रांगच्या रांग पुढे जात राहिली आणि लोखंड लावलेल्या लाठ्यांखाली आडवी होत राहिली. सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा व जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. (सोलापूरची गर्दी पूर्ण अहिंसक नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण फाशी गेलेले चौघे कशासाठी गेले, हे सोलापूरकराला विचारा.) लाजेचा हा असा कारभार होता. इंग्रजाला लाजेने मागे ढकललं म्हणणाऱ्यांनी त्याच्या लाजेची फारच किंमत केली आहे.

पेशावरची गोष्ट मात्र तिथेच संपत नाही आणि माझ्या मते सगळा मुद्दा तिथेच आहे. गढवाल रायफल्सच्या तुकड्यांना बाजारातल्या जमावावर गोळ्या झाडायचा हुकूम झाला, तेव्हा चंद्रसिंग गढवाली आणि त्याच्या साथीदारांनी तो मानला नाही. त्यांचं कोर्ट मार्शल झालं, चंद्रसिंगला जन्मठेप झाली. पण पुढचे काही दिवस पेशावर शहर सरकारच्या हाताबाहेर गेलं. आदल्या दिवसापर्यंत तेच सरकार, तीच बंदूक, तोच युनियन जॅक. बंदुकीच्या चापावरचं बोट तेवढं हललं नाही, आणि साम्राज्याला एक शहर काही दिवस गमवावं लागलं.

परकं राज्य चालतं ते त्याच्या सैनिकांच्या संख्येवर नाही. अख्ख्या हिंदुस्थानावर हुकमत गाजवणाऱ्या आय.सी.एस. अधिकाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास होती. बाकीचा डोलारा मामलेदार, तलाठी, पोलीसपाटील, हवालदार, कारकून, स्टेशनमास्तर, वसुलीला शिपायासोबत जाणारा कोतवाल यांच्या खांद्यावर उभा होता. हे सगळे आपलेच. १९२८ मध्ये बारडोलीत शेतकऱ्यांनी सारा भरला नाही, पटेल-तलाठ्यांनी राजीनामे दिले, जप्त जमिनी नि म्हशी विकत घ्यायला गावात गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा सरकारने चौकशी मान्य केली. त्याला कुणाच्या सभ्यतेची गरज लागली नाही. सारा येत नव्हता, एवढंच. सविनय कायदेभंग हे या अर्थाने फार रोखठोक हत्यार आहे. तुम्हाला माझं जे काही लागतं, माझा पैसा, माझी मेहनत, माझं मुकाट ऐकणं, ते आजपासून मिळणार नाही. त्यापायी जी शिक्षा द्याल ती घेतो. शिक्षा घेणं हा त्यातला अर्धा भाग, आणि दुर्दैवाने पुढे आपल्याला तेवढाच लक्षात राहिला. पहिला अर्धा भाग, म्हणजे आपल्याकडे असलेली आणि त्यांना हवी असलेली गोष्ट काढून घेणं, तो गळाला.

पत्रादेवीपासून फार लांब नसलेल्या शिरोड्याला हा पहिला भाग अजून डोळ्यांनी दिसतो. तिथली मिठागरं. दांडीनंतर महिनाभराने, मे १९३० मध्ये, शिरोड्याला महाराष्ट्रातला एक मोठा मीठ-सत्याग्रह झाला. गावोगावचे सत्याग्रही आले, मीठ उचललं, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मीठ उचलणं ही करायला किती सोपी गोष्ट आहे पाहा. समुद्र आपला, ऊन आपलं, आगरात राबणारे हात आपले. त्यावर कर मात्र लंडनच्या नावे. म्हातारी बाईसुद्धा मूठभर मीठ पदराला बांधून गुन्हेगार होऊ शकत होती. तो कायदा रोज, घराघरात, पानात वाढलेल्या मिठाएवढा पाळला जात होता, म्हणून तो मोडता येत होता. गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या लोकांना घरापुरतं मीठ करण्याची मोकळीक मिळाली. पुष्कळांना ती तेव्हा क्षुल्लक वाटली. मला ती वाटत नाही, पण तो वेगळा विषय झाला.

शिरोड्याहून रेडी, आणि रेडीच्या पुढे खाडीच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला. मोजलं तर दहा-बारा किलोमीटरच्या आतला मामला. १९३० मध्ये शिरोड्याला जमलेल्या माणसाने त्या दिशेला पाहिलं असतं तर दुसऱ्याच साम्राज्याचं निशाण त्याला दिसलं असतं. पंचवीस वर्षांनी लोक त्या किल्ल्याकडे चालत गेले ते शिरोड्याची आठवण मनात घेऊनच. आणि तिथेच गफलत झाली.

पण त्याआधी गोव्यात खरा कायदेभंग होऊन गेला होता. १९४६ चा जून. डॉ. राममनोहर लोहिया आग्र्याच्या तुरुंगातून सुटून विश्रांतीसाठी आपले मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी आले होते. विश्रांती कसली, माणसं येऊन गोव्याची हकीकत सांगू लागली. तिथे सभा भरवायला परवानगी लागे, छापायचं ते आधी सेन्सॉरकडे जाई, लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. १८ जूनला मडगावात पाऊस पडत असताना लोहिया सभेला निघाले. आदमिनिस्त्रादोर, म्हणजे तिथला पोर्तुगीज प्रशासक, मिरांडा याने पिस्तूल काढलं, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला, ही हकीकत गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं: पोलिसांनी लोहिया-मिनेझिसांना धरून नेल्यावरही गर्दी घरी गेली नाही. वत्सला कीर्तनीसारख्या तरुण मुली घोषणा देत पोलिसांना सामोऱ्या गेल्या. मडगावच्या बाजारातला माणूस, जो काल दोन पोलीस दिसले की आवाज खाली आणत होता, तो आज भर पावसात ओरडत होता.

लोहियाही बाहेरचेच होते ना, असं कुणी म्हणेल. होते, आणि बरं झालं होते. पहिला ढकलणारा बऱ्याचदा बाहेरचा लागतो. पण त्या दिवशी जो कायदा मोडला गेला, तो मोडणारे हजारो लोक त्या कायद्याखाली राहत होते. बोलायला परवानगी मागायची ही सवय त्यांची होती आणि त्यांनीच ती त्या दुपारी सोडली. गांधींनी ‘हरिजन’मधून लोहियांची बाजू उचलून धरली. पोर्तुगीज सरकार हादरलं याचा पुरावा म्हणजे त्याने पुढच्या काही महिन्यांत केलेली धरपकड. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे गोव्यातल्या राष्ट्रीय चळवळीचे आद्य पुरुष, १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी काढणारे. त्यांना लष्करी कोर्टापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा झाली. पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे, जुझे इनासियो लोयोला, एकामागून एक पकडले गेले आणि थेट पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात धाडले गेले. माणसाला गोव्यातल्याच आग्वादच्या तुरुंगात ठेवलं तर त्याची बायको डबा घेऊन जाते, गावात चर्चा होते, भाऊबंद चिडतात. पेनिशला धाडलं की तो नकाशावरून पुसला जातो. सालाझारचं हे तंत्र गोळीपेक्षा परिणामकारक होतं, आणि गोळीपेक्षा त्याची चर्चा फार कमी झाली.

तरीही आतला कायदेभंग पुरता विझला नव्हता. फेब्रुवारी १९५४ ची एक घटना मला वारंवार आठवते. म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला बसले होते. कुणी एक वक्ता उठून नेहमीचं टाळ्याखाऊ वाक्य म्हणाला, की गोवा म्हणजे पोर्तुगालच. गायतोंडे म्हणाले, मी निषेध करतो. तेवढंच. सभा नाही, मोर्चा नाही, पत्रक नाही. जेवणाच्या टेबलावर उच्चारलेले दोन-तीन शब्द. त्यासाठी त्यांना अटक करून लिस्बनला नेलं गेलं. त्यांची पत्नी एडिला तर मूळच्या पोर्तुगालच्याच, अझोरेस बेटांवरच्या. एका डॉक्टरच्या एवढ्याशा वाक्याला भ्यालेलं सरकार नंतर हद्दीवर हजारोंच्या घोषणांना मात्र भ्यालं नाही. असं का, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

आतली चळवळ मोठी का झाली नाही, याची कारणं सांगताना लोक भीतीपाशी थांबतात. भीती होतीच. कासिमिरो मोंतेरो नावाचा गोव्यात जन्मलेला पोलीस अधिकारी कोठडीत काय करतो याच्या कहाण्या घराघरात पोचल्या होत्या. (हाच मोंतेरो पुढे पोर्तुगालच्या गुप्त पोलिसांत गेला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देलगादु यांच्या स्पेनमध्ये झालेल्या खुनात त्याचं नाव आलं. सालाझारची बंदूक काही फक्त गोवेकरांवर रोखलेली नव्हती.) पण भीतीच्या जोडीला मुंबईही होती. गोव्यातला माणूस वैतागला की मुंबईची वाट धरी. धोबी तलावच्या कूडात, म्हणजे गोवेकरांच्या समाईक बिऱ्हाडात, गावाची खोली होतीच; स्वयंपाकी, दर्जी, वाजंत्री, आगबोटीवरचा खलाशी, कारकून, प्राध्यापक, सगळ्यांना मुंबईने पोटाशी घेतलं. त्यांनी धाडलेल्या मनिऑर्डरींवर गोव्यातली कितीतरी घरं चालत. राजकारणातला माणूसही तसाच निसटे. कुन्हा पोर्तुगालमधून निसटून मुंबईला आले आणि तिथूनच त्यांनी ‘फ्री गोवा’ हे पत्र चालवलं. पीटर आल्वारिस नॅशनल काँग्रेस गोवाची सूत्रं बाहेरून हलवत. निघून जायची वाट मोकळी असली की विरोध बाहेर वाहून जातो. बारडोलीच्या पाटीदाराला जायला जागा नव्हती, म्हणून तो जमिनीला चिकटून लढला. गोव्याचा सगळ्यात तापट माणूस पोर्तुगीजांना डोईजड होण्याआधीच दादरला उतरलेला असे.

त्यात खाणी आल्या. महायुद्धानंतर गोव्याचं लोहखनिज जपान आणि युरोपात जाऊ लागलं, आणि खाणमालक बहुतेक स्थानिक, हिंदूही आणि ख्रिस्तीही. ज्यांनी असहकार केला असता तर पणजीच्या तिजोरीला खरोखर भोक पडलं असतं, त्यांचीच तिजोरी त्या वर्षांत भरू लागली होती. बारडोलीसारखी राजीनाम्यांची लाट गोव्यात आली नाही. याचा दोष कुण्या एका जातीला किंवा धर्माला देण्याची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. १५ ऑगस्ट १९५४ ला भारत सरकारने बिगर-गोवेकरांना सीमेवरच अडवलं, तेव्हा फक्त गोवेकर आत गेले. तेरेखोलला झेंडा लावणाऱ्या तुकडीचे नेते आल्फ्रेड आफोन्सो होते. नावावरून धर्म ओळखणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता १९५५. एप्रिलच्या ६ तारखेला म्हापशात सुधाताई जोशी उघड सभा घ्यायला उभ्या राहिल्या आणि पकडल्या गेल्या. हा आतला, मडगावच्या जातकुळीचा कायदेभंग. पण त्या वर्षी देशाचं लक्ष लागलं होतं पुण्याकडे. तिथे गोवा विमोचन सहायक समितीने तुकड्या उभ्या केल्या. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघी, काँग्रेसमधले काहीजण, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एका मांडवात आले. (पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, तिची तालीम इथे झाली असं म्हणायला हरकत नाही.) १८ मे रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली तुकडी हद्द ओलांडून गेली. सेनापतींचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. मग शिरुभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये, बंगालचे त्रिदिब चौधुरी. मार बेदम बसला. गोऱ्यांना दहा वर्षं, मधू लिमयांना बारा वर्षं अशा शिक्षा सुनावल्या गेल्या. ते १९५७ मध्ये सुटले. या माणसांच्या धैर्याबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पुढचं जे म्हणायचं आहे ते त्यांना नमस्कार करूनच.

सेनापती बापटांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मुळशीला सत्याग्रह केला होता. धरणात जमिनी जाणारे मावळे त्यात होते, जमीन त्यांची होती, आणि ती सोडायला नकार देणं त्यांच्या हातात होतं. पत्रादेवीला सेनापतींच्या किंवा बेनिपालच्या हातात नाकारण्यासारखं काय होतं? ते सालाझारला कर देत नव्हते. त्याच्या खाणीत राबत नव्हते. त्याच्या कचेरीत लिहीत नव्हते. त्यांनी मोडलेला कायदा एकच: परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. आणि तो कायदा पाळला जाण्यावर पोर्तुगीजांचं राज्य चाललेलं नव्हतं. सत्याग्रही आला तर हाकलायचा, पुन्हा आला तर बडवायचा, हजारांनी आला तर गोळ्या घालायच्या. दुसऱ्या दिवशी पणजीचं ऑफिस दहाला उघडतं ते उघडतंच. १५ ऑगस्टला एवढी माणसं मेली, पण १६ ऑगस्टला गोव्यात काय बंद पडलं? मुंबईत हरताळ झाला. पणजीत कचेऱ्या चालू राहिल्या.

शिवाय बंदुकीमागचा माणूस पाहा. पेशावरला गढवाली होता. हद्दीवर उभे होते पाखले, म्हणजे गोरे पोर्तुगीज सैनिक, आणि मोझांबिक व अंगोलाहून आणलेले आफ्रिकी शिपाई. स्वतः गुलाम असलेल्या मुलखातून समुद्र ओलांडून आणलेली ती पोरं. ‘भारत माता की जय’ त्यांना कळणार कसं? त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. या बाबतीत शहाणपणाचं काम केलं ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी. नोव्हेंबर १९५५ पासून १९६१ पर्यंत त्यांनी हद्दीलगतच्या रानातून गुप्त रेडिओ चालवला, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. हुकूम पाळणाऱ्याच्या कानाशी बोलायचं, हे त्यांना उमगलं होतं. दोन माणसं आणि एक ट्रान्समीटर. त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईत किती सभा झाल्या?

मग १९५५ चा सत्याग्रह कुणाला उद्देशून होता? मला वाटतं, नेहरूंना. बोललं जात होतं सालाझारशी, ऐकायचं होतं दिल्लीने. निःशस्त्र भारतीयांची प्रेतं पाहून तरी सरकार हलेल, अशी आशा अनेकांच्या मनात होती आणि काहींच्या भाषणांतून ती उघडही होती. दिल्ली थोडी हललीही. गोव्याशी असलेले संबंध तोडले, वकिलात बंद केली, रेल्वे थांबवली, पण सप्टेंबरमध्ये सत्याग्रहींना हद्द ओलांडायचीच बंदी केली. नेहरूंना या प्रकरणात नामर्द ठरवण्याची फॅशन जुनीच आहे. मी त्यांची एकच गोष्ट योग्य मानतो: एका देशाच्या सरकारने पाठीशी उभं राहून दुसऱ्याच्या हद्दीत माणसं पाठवणं याला सत्याग्रह म्हणता येणार नाही, हा त्यांचा आक्षेप बरोबर होता. चूक ही की त्याऐवजी काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे सहा वर्षं नव्हतं. आर्थिक कोंडी झाली खरी. पण गोव्यात बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागलं, खनिजाची जहाजं मुरगावहून सुटतच राहिली, आणि त्रास झाला तो मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगणाऱ्या, गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या म्हातारीला. बाहेरून लादलेली नाकेबंदी आणि आतून उगवलेला असहकार दिसायला सारखे. पहिल्याने लोक सरकारच्या आसऱ्याला जातात, दुसऱ्याने दूर.

आपल्या सरकारला जागं करण्यासाठी दुसऱ्याच्या बंदुकीपुढे मरणं, या कल्पनेने मला अस्वस्थ व्हायला होतं. मरणाऱ्याच्या बाजूने त्यात काही खोट नाही. पण पाठवणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता: ही माणसं मेली तर कोणाचं काय अडणार आहे? हा प्रश्न शिळा झालेला नाही. परवानगी काढून, नेमून दिलेल्या मैदानात, दिलेल्या वेळेत घोषणा देऊन पाचच्या गाडीने घरी जाणारे मोर्चे आपण रोज बघतो. उपोषणाला बसलेल्याची प्रकृती बातमीत असते, त्याने नाकारलेली गोष्ट बातमीत नसते, कारण बऱ्याचदा ती नसतेच.

हे सगळं मान्य केलं तरी १९६१ चं लष्कर उरतंच, असं वाचक म्हणेल. उरतं. तोवर जग बदललं होतं. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहतवादाविरुद्ध जाहीरनामा केला, १९६१ च्या सुरुवातीला अंगोला पेटला, आफ्रिकेतले पुढारी दिल्लीला येऊन विचारू लागले की तुम्ही कशाची वाट पाहताय. १८ डिसेंबरला भारतीय फौजा शिरल्या. कितीतरी मोठी सेना एका बाजूला, चार हजारांहून कमी पोर्तुगीज सैनिक दुसऱ्या बाजूला. यात अहिंसा नव्हती आणि ती होती असं भासवायचंही कारण नाही. पण त्या छत्तीस तासांत घडलेली एक गोष्ट ‘लष्करानेच काम केलं’ म्हणणाऱ्यांच्या हिशेबात सहसा येत नाही.

१४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना संदेश पाठवला होता. त्याचा आशय स्वच्छ होता: तह नाही, कैदी नाहीत, पोर्तुगीज सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील. जगाला दाखवायला सालाझारला प्रेतं हवी होती. पोर्तुगीजांची, आणि त्या ओघात गोव्याची. पणजी, मडगाव, वास्को रस्तोरस्ती लढवायचे, जाता जाता इमारती उडवायच्या. वासालो इ सिल्वांनी ते केलं नाही. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी शरणागती लिहून दिली. त्यांचे तीन हजारांवर सैनिक जिवंत राहिले, आणि गोव्याच्या जुन्या घरांच्या भिंती आज पर्यटक फोटो काढतात त्या अवस्थेत उरल्या. लिस्बनने त्यांना हुकूम न पाळल्याबद्दल सैन्यातून काढून टाकलं. १९७४ मध्ये पोर्तुगालच्याच सैनिकांनी हुकूमशाही उलथवली, तेव्हा त्यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारावर सही करून मानलं.

१९८० मध्ये वासालो इ सिल्वा गोव्याला आले. पाहुणा म्हणून. गोवेकरांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं.